चरणचित्रापासून आभासी लेण्यापर्यंत : दर्शनाच्या अनुभवाची चिकित्सा

प्रेक्षणीय स्थळांचे दर्शन घरबसल्या घडविणारी नवी साधने गेल्या दहा-पंधरा वर्षांत आपल्या परिचयाची होऊ लागली आहेत. डोळ्यांवर पेटीवजा चष्मा चढविला की भोवतालची खोली नाहीशी होते आणि माणूस एखाद्या लेण्यात उभा असल्यासारखा होतो. मान वळवावी तिकडची भिंत दिसते, वर पाहावे तर छत दिसते. याला आभासी वास्तव म्हणतात. दुसऱ्या प्रकारात समोरचे खरे स्थळ दिसतच राहते, परंतु मोबाईलच्या किंवा टॅबलेटच्या पडद्यावर त्या स्थळी आज नसलेली चित्रे, मूर्ती वा माहिती त्यावर चढविली जाते. त्याला संवर्धित वास्तव असे नाव रूढ होत आहे. पर्यटन व्यवसायाने या दोहोंचा उत्साहाने स्वीकार केला असून, पाहणाऱ्याला किती खरे वाटले, किती आनंद झाला, पुन्हा पाहावेसे वाटले काय, अशा प्रश्नांनी त्याच्या अनुभवाचे मोजमाप केले जाते.

हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यातील हट्ट्यासारख्या गावातील बौद्ध उपासकाच्या दृष्टीने हा विषय केवळ कुतूहलाचा नाही. त्याला अजिंठा पाहावयाचा तर परभणी, जालना, छत्रपती संभाजीनगर असा प्रवास करून पुढे आणखी शंभर किलोमीटर जावे लागते. लुंबिनी, बुद्धगया, सारनाथ व कुशीनारा यांच्या यात्रेसाठी तर वर्षानुवर्षे पैसा साठवावा लागतो. उद्या गावच्या विहारातच एक चष्मा आला आणि त्यातून ही सर्व स्थळे पाहता येऊ लागली, तर त्या दर्शनाला आपण काय म्हणावे? यात्रा म्हणावे, शिक्षण म्हणावे की करमणूक? प्रस्तुत लेखात आम्ही या प्रश्नाचा विचार बौद्ध परंपरेने ‘पाहणे’ या क्रियेविषयी जे चिंतन केले आहे त्याच्या आधारे करणार आहोत. प्रचलित मोजमाप या कामी अपुरे पडते, असे आमचे मत आहे.

प्राचीनांची फिरती चित्रे

हुबेहूब भासणारे दृश्य उभे करून प्रेक्षकाला त्यात ओढून घेण्याची कला आजची नव्हे. संयुत्त निकायाच्या खन्धवग्गातील गद्दुलबद्ध सुत्तात तथागतांनी भिक्खूंना ‘चरण’ नावाच्या चित्राचा दाखला दिला आहे. या सुत्तावरील अट्ठकथेत बुद्धघोषाचार्यांनी त्याचा खुलासा केला आहे. एका पंथाचे ब्राह्मण कापडाची खोलीवजा रचना करून, तिच्यावर सुगती व दुर्गतीची नाना दृश्ये रंगवून, कोणत्या कर्माने कोणते फळ मिळते हे लोकांना दाखवीत गावोगाव हिंडत असत. म्हणून ते ‘चरण’, म्हणजे फिरते चित्र. ज्यांनी कोकणातील पिंगुळीच्या चित्रकथींची परंपरा पाहिली वा ऐकली आहे त्यांना हा प्रकार अपरिचित वाटणार नाही. मात्र तथागतांचा रोख चित्राच्या स्तुतीवर नाही. ते चित्र चित्तानेच कल्पिलेले आहे आणि चित्त त्या चित्राहूनही अधिक विचित्र आहे, याकडे ते भिक्खूंचे लक्ष वेधतात. दृश्य पाहताना पाहणाऱ्या चित्ताकडे वळण्याची ही सूचना आपल्या विवेचनाचा पाया आहे.

विनयातही चित्रांचा प्रश्न आला आहे. चुल्लवग्गाच्या सेनासनक्खन्धकात अशी हकीकत आहे की, षड्वर्गीय भिक्खूंनी विहारात स्त्री-पुरुषांच्या आकृतींची ‘पटिभानचित्त’ म्हणजे कल्पनाविलासाची चित्रे काढविली. विहार पाहावयास आलेल्या लोकांनी त्यावर टीका केली, आणि तशी चित्रे निषिद्ध ठरून फुलांच्या माळा, वेली इत्यादींच्या आकृतींना तेवढी अनुज्ञा मिळाली. येथे ध्यानात घेण्याजोगे हे की विहार पाहण्यास येणारा माणूस त्या काळीही होता, आणि त्याच्या मनावर काय परिणाम होतो याचा विचार करून नियम केला गेला.

याउलट दिव्यावदानात भवचक्राचे चित्र विहाराच्या द्वारकोष्ठकात रंगवावे अशी आज्ञा येते. अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्याच्या ओसरीत अशाच चक्राचे अवशेष आहेत, जरी त्याचा बराच भाग आज नष्ट झाला आहे. त्या आज्ञेत नुसते चित्र काढून थांबण्यास सांगितलेले नाही. येणाऱ्या जाणाऱ्यांना त्याचा अर्थ समजावून सांगण्यासाठी एका भिक्खूची नेमणूक करावी असेही सांगितले आहे. पाली विनयाचा निषेध आणि अवदानातील आज्ञा या दोन वेगळ्या परंपरांच्या गोष्टी आहेत. परंतु दोन्ही एकत्र वाचल्या असता बौद्ध दृष्टीचा मथितार्थ हाती लागतो. चित्र चांगले की वाईट हे त्याच्या हुबेहूबपणावर ठरत नाही. पाहणाऱ्याला ते कोठे नेऊन सोडते आणि त्याच्याजवळ अर्थ सांगणारा कोणी आहे की नाही, यावर ठरते.

स्पर्श, संज्ञा आणि मृगजळ

नव्या चष्म्याची यंत्ररचना थोडक्यात सांगितली पाहिजे. त्यात दोन डोळ्यांसाठी किंचित भिन्न अशी दोन चित्रे असतात. मेंदू ती एकत्र करतो आणि खोलीचा भास होतो. डोके कोणत्या दिशेस वळले हे यंत्रातील संवेदक क्षणाक्षणाला टिपतात व त्यानुसार दृश्य बदलते. हा बदल किंचितही उशिरा झाला, किंवा डोळ्यांना चालल्याचे दिसत असताना शरीर एका जागी बसलेले असले, तर डोळ्यांची साक्ष आणि आतल्या कानातील तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाची साक्ष जुळत नाही. मग पुष्कळांना मळमळते, भोवळ येते.

अभिधम्माच्या अभ्यासकाला यात नवल वाटण्याचे कारण नाही. मज्झिम निकायातील मधुपिंडिक सुत्तात महाकच्चान थेरांनी अनुभवाची जी साखळी उलगडली आहे, तिच्यात डोळा, रूप आणि चक्षुर्विज्ञान या तिघांच्या एकत्र येण्याला फस्स म्हटले आहे. फस्सातून वेदना, वेदनेतून सञ्ञा, सञ्ञेतून वितक्क आणि वितक्कातून पपंच, म्हणजे मनाने उभारलेला पसारा. या विश्लेषणात रूप दगडी भिंतीवरचे आहे की काचेवरील प्रकाशाचे, याने साखळीत फरक पडत नाही. चष्म्यातील लेणे पाहून उत्पन्न होणारी वेदना खोटी नसते, ती वेदनाच असते. म्हणून ‘आभासी आहे, सबब निरर्थक आहे’ हा आक्षेप बौद्ध दृष्टीने टिकत नाही.

किंबहुना फेणपिंडूपम सुत्तात रूपाला फेसाच्या गोळ्याची, वेदनेला बुडबुड्याची, सञ्ञेला मृगजळाची, संस्कारांना केळीच्या गाभ्याची आणि विज्ञानाला जादूगाराच्या मायेची उपमा दिली आहे. ज्याला चष्मा काढल्यावर क्षणभर खरी खोलीही तितकीच उभारलेली वाटते, त्याला या सुत्ताचा अर्थ शंभर व्याख्यानांनी कळणार नाही इतका एका क्षणात कळू शकेल. परंतु असे घडावे म्हणून चष्मा बनविला जात नाही. चष्मा विसरला जावा, भास भास म्हणून कळूच नये, हे त्याच्या यशाचे गमक मानले जाते. आमचा पहिला मतभेद येथे आहे. जे साधन आपण प्रतिकृती आहोत हे लपविते ते पपंच वाढविते. जे ती गोष्ट उघड ठेवते ते पञ्ञेला उपकारक होऊ शकते.

अजिंठ्याच्या प्रतींचा इतिहास

महाराष्ट्रात या प्रश्नाचे सर्वांत जवळचे उदाहरण अजिंठा हेच होय. २८ एप्रिल १८१९ रोजी मद्रास सैन्यातील जॉन स्मिथ या अधिकाऱ्याच्या दृष्टीस ही लेणी पडल्यानंतर त्यांच्या प्रती करण्याचे प्रयत्न सतत होत आले. १८४४ पासून रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षे खपून मोठ्या आकाराच्या प्रती केल्या. त्यांपैकी बहुतेक १८६६ साली लंडनजवळील सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाल्या. १८७२ ते १८८५ या काळात मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स व त्यांच्या विद्यार्थ्यांनी पुन्हा प्रती केल्या. त्यांतील पुष्कळ १८८५ साली साउथ केन्सिंग्टन येथे आगीत गेल्या. जपानी चित्रकार अराई काम्पो यांनी केलेल्या प्रती १९२३ च्या टोकियोतील भूकंपात नष्ट झाल्या. प्रती मूळ चित्रांहून अल्पायुषी ठरल्या, ही नोंद संगणकीय प्रतींच्या चिरंजीवित्वाचा फार भरवसा धरणाऱ्यांनी लक्षात ठेवावी.

याहून गंभीर बाब अशी की, प्रती करण्याच्या हव्यासाने मूळ चित्रांनाही इजा केली. रंग उजळून नीट दिसावेत म्हणून भिंतींवर वार्निश चढविले गेले. पुढे १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने बोलाविलेल्या इटालियन तज्ज्ञांनी सुटणारा गिलावा पक्का करण्याचे मोलाचे काम केले खरे, पण त्यांनी वापरलेला लाखेचा लेपही काळाच्या ओघात पिवळा पडला. नंतरच्या रसायनज्ञांना हे थर उतरवीत बसावे लागले. चांगले ‘दिसावे’ या आग्रहाची किंमत पाहिल्या जाणाऱ्या वस्तूने मोजली.

आता अलीकडचे उदाहरण घेऊ. मूळ लेण्यांवरील गर्दीचा भार कमी व्हावा म्हणून जपानच्या कर्जसाहाय्याने राबविलेल्या प्रकल्पातून लेण्यांच्या अलीकडे, फर्दापूर तिठ्याजवळ, एक भव्य अभ्यागत केंद्र उभारण्यात आले. त्यात १, २, १६ आणि १७ या चार चित्रित लेण्यांच्या प्रतिकृती आहेत. २०१३ साली ते खुले झाले. फ्रान्समधील लास्को येथील प्रागैतिहासिक चित्रगुहा १९६३ साली लोकांसाठी बंद झाल्यावर १९८३ मध्ये तेथे प्रतिकृती उघडली गेली, त्याच जातीची ही कल्पना होती आणि तत्त्वतः ती स्तुत्य होती. परंतु काही वर्षांतच थकीत वीज-पाणी बिलांमुळे या केंद्राला टाळे लागले. मूळ लेणी दीड-दोन हजार वर्षे बिनविजेची उभी आहेत आणि त्यांची प्रतिकृती विजेचे बिल भरता न आल्याने मिटली. प्रतिकृतीलाही दायक लागतो, रोजची देखभाल करणारा माणूस लागतो, हे उभारणी करतानाच ध्यानात घ्यावयास हवे होते. लेणी कोरविणाऱ्यांनी ते ओळखले होते. पश्चिम भारतातील लेण्यांच्या शिलालेखांत शेतांची व ठेवींची दाने नोंदलेली आढळतात ती याचसाठी.

दुनहुआंग आणि बामियान

चीनमधील दुनहुआंगजवळच्या मोगाओ लेण्यांत चित्रे असलेली ४९२ लेणी आहेत. तेथे २०१४ पासून लेण्यांपासून दूर उभारलेल्या केंद्रात प्रेक्षकाला सुमारे वीस-वीस मिनिटांचे दोन चित्रपट दाखविले जातात. एकात स्थळाचा इतिहास, तर दुसऱ्यात घुमटाकार पडद्यावर लेण्यांचा अंतर्भाग. त्यानंतर बसने नेऊन मार्गदर्शकाबरोबर थोडी निवडक लेणी प्रत्यक्ष दाखवितात. या पद्धतीच्या मुख्य प्रवेशपत्रांची मर्यादा दिवसाला ६,००० ठेवण्यात आली. या योजनेचा गुण असा की आभासी दर्शन येथे प्रत्यक्ष दर्शनाच्या जागी येत नाही, त्याच्या आधी येते. माणूस समजून घेऊन लेण्यात शिरतो, अंधारात चाचपडत नाही, त्याच्या श्वासाची वाफ चित्रांवर कमी काळ पडते, आणि शेवटी अर्थ सांगणारा माणूस त्याच्याबरोबर असतो. दिव्यावदानातील त्या भिक्खूची नेमणूक येथे वेगळ्या वेषात झाली आहे असे म्हणता येईल.

त्याच लेण्यांपैकी २२० क्रमांकाच्या लेण्यावर जेफ्री शॉ आणि सारा केंडरडाईन यांनी हाँगकाँग येथे २०१२ साली ‘प्युअर लँड’ ही आभासी रचना केली. या लेण्यात इ. स. ६४२ चा लेख असून उत्तरेकडील भिंतीवर भैषज्यगुरूच्या बुद्धक्षेत्राचे, नर्तक-वादकांनी गजबजलेले चित्र आहे. रचनेच्या एका आवृत्तीत प्रेक्षक लेण्याएवढ्या रिकाम्या खोलीत टॅबलेट धरून फिरतो, आणि पडदा ज्या भिंतीकडे न्यावा त्या भिंतीचे चित्र त्यात उमटते. ही कल्पना आम्हाला विशेष मोलाची वाटते, कारण हात खाली येताच भिंत पुन्हा रिकामी होते आणि भास हा भास आहे हे प्रेक्षक विसरू शकत नाही. परंतु मोठ्या पडद्यावरील आवृत्तीत भिंतीवरचे नर्तक जिवंत नर्तकांच्या चित्रणातून हलू लागतात, वाद्ये भिंतीतून बाहेर येऊन फिरू लागतात. पाहणाऱ्याला ते मोहक वाटते यात शंका नाही. पण चुल्लवग्गातील ‘पटिभानचित्त’ या शब्दाची आठवण येथे होते. प्रार्थनेसाठी रंगविलेल्या क्षेत्रातील नृत्य तेवढे उचलून हलते केले, तर चित्र कशासाठी होते हे मागे पडते.

बामियानचे उदाहरण याहून निराळे आहे. अफगाणिस्तानातील ५५ व ३८ मीटर उंचीच्या दोन बुद्धमूर्ती मार्च २००१ मध्ये तालिबानने उद्ध्वस्त केल्या. जून २०१५ मध्ये झांग शिन्यू आणि लियांग होंग या चिनी दाम्पत्याने रात्रीच्या वेळी रिकाम्या कोनाड्यात प्रकाशाची मूर्ती उभी केली. काही वेळाने दिवे मालवले गेले आणि कोनाडा पूर्वीसारखा रिकामा दिसू लागला. येथे संवर्धित वास्तवाने हरवलेली वस्तू परत आणल्याचा दावा केला नाही. ती हरवली आहे हे अधिक तीव्रतेने दाखविले.

संवेग आणि अनुपस्थिती

बामियानच्या रिकाम्या कोनाड्यापासून आपण यात्रेच्या मूळ हेतूकडे येतो. महापरिनिब्बान सुत्तात आनंद थेर तथागतांना विचारतात की, आजवर वर्षावास संपला की दिशादिशांचे भिक्खू आपल्या दर्शनाला येत आणि त्या निमित्ताने आम्हालाही त्यांचा सहवास लाभे; आपल्या पश्चात ते लाभणार नाही. याचे उत्तर म्हणून चार स्थळे सांगितली आहेत : जन्माचे, बोधीचे, धम्मचक्र-प्रवर्तनाचे आणि महापरिनिर्वाणाचे. त्यांना ‘दर्शनीय’ म्हटले आहे आणि त्यालगतच ‘संवेजनीय’, म्हणजे संवेग उत्पन्न करणारी, म्हटले आहे. संवेग म्हणजे अनित्यतेच्या जाणिवेने चित्ताला बसलेला हादरा, जो माणसाला प्रमादातून उठवून कामाला लावतो.

या प्रसंगाचा आशय बारकाईने पाहिला पाहिजे. यात्रेची कल्पना शास्त्याच्या अनुपस्थितीतून निघाली आहे. त्या चार स्थळी गेल्यावर तथागत भेटत नाहीत. ते येथे होते व आता नाहीत, हेच तेथे भेटते. सांचीच्या शिल्पकारांनी बोधिवृक्षाखालचे आसन रिकामे कोरले. अजिंठ्याच्या २६ व्या लेण्यात सुमारे सात मीटर लांबीची महापरिनिर्वाणाची मूर्ती आणि तिच्याभोवती शोकमग्न जन कोरले आहेत. परंपरेने अनुपस्थितीला जागा राखून ठेवली आहे.

आभासी दर्शनाचा सहज कल नेमका याच्या उलट असतो. गळून पडलेला गिलावा भरून काढावा, विटलेला रंग उजळावा, मोडलेला हात जोडावा. नाशिकचे छायाचित्रकार प्रसाद पवार यांनी अजिंठ्याच्या चित्रांचे छायाचित्रण व संगणकीय पुनर्संचयन यांवर अनेक वर्षे परिश्रम केले आहेत, आणि मूळ रचना कशी असावी याचा अंदाज घेण्यास अशा कामाचा उपयोग अभ्यासकाला निश्चित होतो. पण चष्म्यातून पाहणाऱ्या सामान्य प्रेक्षकाला उरलेले किती आणि भरलेले किती हे स्पष्ट कळले पाहिजे. दोहोंमध्ये रेषा नसेल तर अनित्यतेचा धडा देणारी भिंत नित्यतेचा भ्रम देऊ लागेल.

अनुपस्थितीचा हा अनुभव आपल्या समाजाने अलीकडेच घेतला आहे. २०२० साली कोविडच्या साथीमुळे ६ डिसेंबरला अनुयायांनी चैत्यभूमीवर न येता घरूनच अभिवादन करावे असे आवाहन झाले आणि तेथील कार्यक्रमाचे थेट प्रक्षेपण करण्यात आले. मराठवाड्यातील गावागावांतून दरवर्षी दादरला जाणाऱ्यांनी त्या वर्षी ते पडद्यावर पाहिले. चैत्यभूमीचा स्तूप एरवी रांगेतून क्षणभर दिसतो, पडद्यावर तो निवांत व स्पष्ट दिसला. तरीही काय उणे राहिले हे सर्वांना ठाऊक आहे. रात्रीचा रेल्वेप्रवास, शिवाजी पार्कवर रांगेत शेजारी उभा असलेला अनोळखी धम्मबांधव, परतताना पिशवीत घेतलेली पुस्तके, यांचे प्रक्षेपण होत नाही. आनंद थेरांचा प्रश्नही याच सहवासाविषयी होता. आभासी दर्शनाचा अनुभव मोजताना ‘मी तेथे असल्यासारखे वाटले काय’ एवढेच विचारले जाते. ‘माझ्याबरोबर कोण होते’ हा प्रश्न त्यात नसतो.

दौलताबादचा हौद आणि हट्ट्याची बारव

आणखी एक अनुपस्थिती आहे, आणि आंबेडकरी वाचकाच्या दृष्टीने ती सर्वांत महत्त्वाची आहे. १९३४ साली बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या सहकाऱ्यांसमवेत वेरूळची लेणी पाहण्यास निघाले असता वाटेत दौलताबादचा किल्ला पाहावयास थांबले. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या मंडळींनी गडाच्या दाराबाहेरील हौदात हातपाय धुतले. पाणी बाटविले म्हणून जमाव चालून आला. बाचाबाचीनंतर किल्ला पाहण्यास परवानगी मिळाली ती आत कोठेही पाण्याला स्पर्श होऊ नये म्हणून हत्यारबंद शिपाई सोबत देऊन. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या लेखनात त्यांनी ही हकीकत नोंदविली आहे. मराठवाड्यातील एका पर्यटकाच्या अनुभवाचा हा दस्तऐवज आहे, आणि कोणत्याही पर्यटन-पुस्तिकेने त्याची दखल घेतल्याशिवाय दौलताबादचे वर्णन पुरे होत नाही.

आता दौलताबादच्या आभासी सफरीची कल्पना करावी. त्यात बुरूज असतील, अंधारी वाट असेल, तोफा असतील. हौदही असेल, स्वच्छ पाण्याने भरलेला. प्रेक्षक त्याच्या काठाशी निर्वेधपणे जाईल. त्याला कोणी अडविणार नाही, शिपाई मागे चालणार नाही. दृश्य तंतोतंत असूनही ते असत्य असेल, कारण त्या काठावर कोणाला उभे राहू दिले जात नव्हते हे त्यातून पुसले गेलेले असेल.

हीच कसोटी हट्ट्याला लावून पाहू. हट्ट्यात पायऱ्यांची जुनी बारव आहे. रोहन काळे यांनी २०२० साली सुरू केलेल्या बारव मोहिमेमुळे महाराष्ट्रभरच्या अशा विस्मृत बारवांची नोंद झाली, त्या नकाशावर आल्या, गावोगावच्या लोकांनी त्यांतील गाळ-कचरा काढला आणि महाशिवरात्रीला पायऱ्यांवर दिवे लावले. श्रमदानाने वास्तू वाचविणाऱ्या या कार्याचे आम्ही मनापासून स्वागत करतो. अशा बारवांचे त्रिमितीय चित्रण करून त्या चष्म्यातून दाखविण्याचा काळ फार दूर नाही. तेव्हा कॅमेरा दगडाची प्रत्येक कड टिपेल. परंतु या पायऱ्या उतरण्याचा अधिकार कोणाला होता, कोण काठावर घागर घेऊन कोणीतरी पाणी वाढील म्हणून तिष्ठत राही, कोणाचा पाणवठा वेगळा होता, हे कॅमेऱ्याला दिसणार नाही. ही स्मृती माणसांजवळ आहे, आणि ती माणसे वृद्ध होत चालली आहेत. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर जे घडले ते पाण्याच्या काठावरील या इतिहासाला दिलेले उत्तर होते. म्हणून महाराष्ट्रातील कोणत्याही जलवास्तूचे आभासी दर्शन महाडला वगळून करता येत नाही, असे आम्हास निश्चयाने वाटते.

बारवेच्या आभासी दर्शनात रिकाम्या पायऱ्या दाखविताना एखाद्या आजीचा आवाज ऐकू यावा. तिच्या लहानपणी पाणी कोठून व कसे आणले जाई हे तिने आपल्या बोलीत सांगावे. त्याने दृश्याच्या सौंदर्यात उणेपणा येणार नाही. प्रेक्षकाच्या चित्ताला जो हादरा बसेल त्याला संवेग म्हणण्यास आम्हाला संकोच वाटणार नाही.

एक रास्त आक्षेप

येथे एक आक्षेप येऊ शकतो आणि तो रास्त आहे. ज्यांना प्रवास परवडतो त्यांनी चष्म्यातील दर्शनाला नावे ठेवणे सोपे आहे. शेतमजुरी करणाऱ्या उपासिकेला, लेण्यांच्या पायऱ्या न चढवणाऱ्या वृद्धाला, पायाने अधू असलेल्या तरुणाला त्याखेरीज दुसरा मार्ग कोणता? ज्या समाजाला शतकानुशतके दारांबाहेर ठेवले गेले, त्याला आत नेणाऱ्या साधनाविषयी शंका घेणे आम्हालाही शोभणार नाही. म्हणून आमचे म्हणणे साधन नाकारावे असे नाही. ते कसे वापरावे याविषयी काही आग्रह असावेत, एवढेच.

विहार-समित्यांनी असे साधन आणावयाचे ठरविल्यास चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, उरलेले व भरलेले यांतील फरक दाखविणारेच चित्रण स्वीकारावे. दुसरी, चष्मा एकेकट्याच्या हाती देऊन न सोडता पाहणाऱ्यांजवळ एखादा भिक्खू वा अभ्यासू उपासक बसवावा, जो कोणते जातक आहे, कोणी दान दिले, कोणी कोरले हे सांगेल आणि पाहून झाल्यावर प्रश्न विचारू देईल. तिसरी, यंत्र बिघडले तर दुरुस्तीचा खर्च कोण सोसणार हे आधी ठरवावे. फर्दापूरचा धडा जवळचाच आहे. चौथी, परक्या लेण्यांबरोबर आपल्या गावच्या पाणवठ्याचे, वेशीचे, जुन्या वस्तीचे ध्वनिमुद्रणही करून ठेवावे. त्याला महागडे यंत्र लागत नाही. साधा मोबाईल आणि ऐकून घेण्याची तयारी पुरते.

चरणचित्र खांद्यावर घेऊन गावोगाव हिंडणारे अडीच हजार वर्षांपूर्वी होते, आज चष्मा घेऊन येणारे आहेत. दोघांनाही विचारावयाचा प्रश्न एकच आहे : हे पाहून झाल्यावर आम्ही अधिक जागे होणार आहोत, की थोडा वेळ स्वतःला विसरणार आहोत? हट्ट्याच्या बारवेत ज्यांना उतरू दिले गेले नसेल त्यांच्या नातवंडांनी उद्या तिचे आभासी दर्शन तयार करावयास घेतले, तर या प्रश्नाचे उत्तर त्यांच्याकडून मिळेल अशी आम्हाला आशा आहे.